चाकोरीतली सायकल

पत्र थोडक्यात असं: पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या, त्रेचाळीस वर्षांच्या एक ताई सहा वर्षं रोड सायकल चालवतात. दर रविवारी दहा-बारा जणांच्या ग्रुपबरोबर हायवेला जातात, २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, दोनदा पूर्ण केली आहे. गेल्या पावसाळ्यात एका टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. त्या पडल्या, खरचटण्यावर निभावलं, टेम्पो थांबला नाही. तेव्हापासून मागून हॉर्न वाजला की हात आखडतात. आता त्यांना डांबर सोडून जंगलातून, गडकोटांच्या मुलखातून सायकल चालवायची आहे. इटलीतल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांचे व्हिडिओ पाहून हे डोक्यात शिरलं. मुलगा म्हणतो, एक लाख ऐंशी हजारांची ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, घे. नवरा म्हणतो, हायवेला निदान माणसं असतात, रानात पडलीस तर उचलणार कोण? ग्रुप म्हणतो, ताई घाबरली. त्या विचारतात: "आपल्याकडे असे रस्ते आहेत तरी का? की पैसे साठवून एकदा इटलीलाच जावं? आणि मी खरंच पळ काढतेय का? मला फक्त माणूस नसलेला रस्ता हवाय. मी जुन्नरचा प्लॅन केलाय: एका दिवसात शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन. जमेल?"

ताई,

शेवटून सुरुवात करतो. एका दिवसात चार किल्ले जमणार नाहीत. सायकलवरून उतरलेले पाय आणि गड चढणारे पाय वेगळे असतात. शिवाय पेडलमध्ये अडकवायचे ते क्लीटचे बूट घालून चावंडच्या कातळातल्या पायऱ्या चढायच्या, तर नवऱ्याची भीती तुम्ही पहिल्याच दिवशी खरी कराल. एक किल्ला निवडा. की एकही नको? त्यावर पुढे बोलू.

"माणूस नसलेला रस्ता" या शब्दांवर मात्र मी बराच वेळ अडलो. टेम्पोचा आरसा घासून गेल्यावर असं वाटणं साहजिकच आहे. पण असा रस्ता नसतो. माणसं नसतील तर तिथे रस्ता उरतच नाही, दोन पावसाळ्यांत घाणेरी आणि करवंदीची जाळी माजते. तुम्हाला व्हिडिओत आवडलेला तो मातीचा पट्टा इटलीतही कुणाच्या तरी द्राक्षमळ्याला जातो. आपल्याकडे तोच रस्ता कुणाच्या तरी भातखाचराला जातो, आणि त्याला आपल्याकडे नावही आहे. ग्रॅव्हल हा शब्द आपण काल शिकलो. पाणंद हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता.

पाणंद म्हणजे काय, ते शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. गावातून शिवाराकडे जाणारी गाडीवाट. दोन बाजूंना निवडुंग, घायपात नाहीतर बाभळीचं कुंपण. मध्ये बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि त्या दोन चाकोऱ्यांच्या मधोमध गुडघ्याएवढं गवत. सायकल एका चाकोरीत घातली की ती आपोआप त्या खोबणीतून धावते, गवताच्या काड्या पेडलवर टपटप आपटत राहतात. तुम्ही निघालात चाकोरीबाहेर जायला, आणि मी तुम्हाला शब्दशः चाकोरीत पाठवतोय. हसू नका, यात एक कामाचा नियम आहे: जिथून बैलगाडी जाते, तिथून तुमची सायकल जाते. भरल्या गाडीचा बैल उभ्या चढाला तयार होत नाही, म्हणून गाडीवाट चढाला वळसा घालून जाते. पायवाटेला ती अडचण नसते, ती सरळ छातीवर चढते. मोबाईलच्या ॲपला हा फरक बऱ्याचदा कळत नाही, सगळ्यालाच ते एक बारीक रेघ मारतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात मात्र गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. १:५०,००० प्रमाणाचे त्यांचे ओपन सिरीजचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात. काही खुणा जुन्या झाल्यात, मधल्या काळात कुठे डांबर पडलंय, कुठे धरण आलंय. तरी ॲप आणि हा नकाशा शेजारी ठेवून बघितलेत तर निम्मे घोटाळे घरीच टळतात.

मी हे टाळलं नव्हतं एकदा. सप्टेंबरातली गोष्ट, ओतूरच्या अलीकडे. ॲपने दाखवलेली दीड किलोमीटरची वाट, आदल्या रात्री पाऊस झालेला, खाली काळी माती. पहिल्या पन्नास पावलांत टायर दुप्पट जाड झालं. पुढच्या पन्नासांत माती ब्रेक आणि चाकाच्या मधे इतकी घट्ट बसली की चाक फिरेना. सायकल ढकलताही येईना, ओढताही येईना. मी करवंदीची काडी घेऊन माती खरवडत बसलो, दहा पावलं टाकली की पुन्हा तेच. शेळ्या घेऊन एक आजी आल्या. बराच वेळ उभ्या राहून त्यांनी तमाशा बघितला आणि म्हणाल्या, "डोक्यावरच घ्यायची हुती तर आणलीस कशाला?" दीड किलोमीटरला सव्वा तास लागला. तेव्हापासून पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीला मी निदान तीन दिवस देतो. मुरमाचं तसं नाही. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला आपला काळा दगडच. त्यातून पाणी निचरतं, आणि किंचित ओला असताना तो टायरला उत्तम धरतो. पूर्ण सुकला की मात्र खाली मणी सांडल्यासारखा होतो. सगळ्यात वाईट डांबरीकरणाआधी अंथरलेली मोकळी खडी. त्या तुकड्यात मी उतरून चालतो, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

आता जुन्नरकडे. जागा तुम्ही फार चांगली निवडली आहे, फक्त चुकीच्या कारणासाठी. तुम्हाला इतिहास म्हटला की किल्ला दिसतो. पण सायकलवाल्याच्या दृष्टीने जुन्नरचं मोठेपण तिथल्या रस्त्यात आहे. कोकणातल्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा, ही सातवाहनांच्या काळापासूनची वहिवाट. घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून आहे. खाली लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी यांची मोजदाद आकड्यांसकट कोरली आहे, आणि आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांमध्ये तिची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, त्यांची आता पावलं तेवढी उरलीत, वर नावं कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी हा रस्ता किती गजबजलेला असेल याचा हिशेब करा, आणि मग माणूस नसलेला रस्ता मागा!

जुन्नर ते नाणेघाट हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मुख्य रस्ता डांबरी आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर तिथे पोचून मला शिव्या द्याल. पण त्या रस्त्याला माणिकडोह जलाशयाच्या बाजूने, वाड्यावस्त्यांना जाणारे मुरमाचे फाटे फुटतात. दिवसभरात तसे दहा-बारा किलोमीटर कच्चे मिळाले तरी पहिल्या खेपेला पुष्कळ झाले. वाटेत चावंडच्या पायथ्याजवळून पुढे गेलात की कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचं देऊळ लागतं. शिलाहारांच्या झंझ राजाशी त्याचं नाव जोडतात. तिथे बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघत पाऊण तास बसा, पाण्याच्या बाटल्या भरा, डबा खा. किल्ला वर दिसतोच आहे, तो पुढच्या वेळी. संध्याकाळी नाणेघाटाजवळच्या घाटघर गावात मुक्काम करायचा तर तो आधी फोनवर बोलून ठरवा, जेवणासकट.

नाणेघाटात मात्र सायकल खाली उतरवायची नाही. ती लादलेल्या जनावरांची वाट होती, गाडीची नव्हे: दगडी पायऱ्या, गुळगुळीत झालेल्या. सायकल खांद्यावर टाकून खाली वैशाखऱ्याला उतरायचं खूळ कुणाकुणाला चढतं. ग्रुपमधल्या कुणी तसं सुचवलं, तर त्यालाच दोन्ही सायकली उचलायला सांगा.

जंगलाबद्दल. जुन्नरच्या दक्षिणेला भीमाशंकर अभयारण्य आणि उत्तरेला कळसूबाई-हरिश्चंद्रगड. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २७व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. आतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून जाता येतं, पण त्या रस्त्यावरून आत फुटलेली वाट ही सार्वजनिक नव्हे. व्हिडिओत कुणी गेलं म्हणून आपण जायचं नाही. आधी त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा, विचारा. ताडोबा, मेळघाट, पेंच यांच्या आसपास राहणाऱ्या वाचकांनी मला अशीच पत्रं पाठवली आहेत. त्यांना एकच सांगणं: व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या बफर पट्ट्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय सायकल घालायची नाही. यात मधला मार्ग नाही.

आणि बिबट्या? जुन्नर म्हटल्यावर घरात हा विषय निघणारच. गंमत अशी की घरचे ज्या रानाला घाबरतात त्याच्यापेक्षा बिबट्याची चिंता खाली उसाच्या पट्ट्यात जास्त करावी लागते. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याला वर्षाचे बाराही महिने आडोसा मिळाला. पिल्लंही तिथेच होतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नव्हे. म्हणून उसाच्या कडेच्या पाणंदीत उजाडताना आणि दिवस कलल्यावर सायकल नको. सकाळी आठनंतर निघा, पाचच्या आत मुक्कामाला लागा. गप्पा मारत चला. आणि पंक्चर झालं तर उसाच्या बांधाला वाकून, पाठ करून बसू नका, सायकल मोकळ्या जागेत ओढून न्या. पहाटे साडेचारला निघायची तुमची हायवेची सवय इथे मोडावी लागेल.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुमच्या पत्रातच त्यांच्या एका वाक्याचं उत्तर आहे: हायवेला माणसं होती, टेम्पोही होता, थांबलं कोण? पण दुसरा अर्धा भाग खरा आहे. रस्त्यापासून सहा किलोमीटर आत गळपट्टीचं हाड मोडलं तर तासाभरात डॉक्टर मिळत नाही. तेव्हा एकटीने जाऊ नका, निदान तिघी-तिघं. तिघंच का? एक पडला तर एक त्याच्याजवळ, एक मदतीला. पहिल्या पाच-सहा खेपांना हाक मारली तर वस्तीला ऐकू जाईल इतपतच आत शिरा. वाटेतल्या गावांची नावं आणि पोचायच्या वेळा कागदावर लिहून घरी ठेवा, कारण घाटमाथ्यावर मोबाईलच्या रेंजवर विसंबता येत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना पाठ असू द्या. आणि यजमानांना "काही होत नाही" असं सांगत बसण्यापेक्षा काम द्या: गाडीने जुन्नरपर्यंत सायकली आणायच्या, दुपारी कुकडेश्वरापाशी डबा घेऊन भेटायचं. मागून हॉर्न वाजला की हात आखडताहेत तोवर पुणे-नाशिक रस्त्यावरून सायकल चालवत जुन्नर गाठण्यात काही शौर्य नाही.

पळ काढताय का, हे विचारलंत. त्याचं उत्तर तुमच्या हातांनाच द्यावं लागेल. मुरमावर हँडल घट्ट आवळून धरलं की पुढचं चाक घसरतं. कोपर सैल सोडून, वजन थोडं मागे ठेवून, नजर दहा हात पुढे टाकली की तीच सायकल खालच्या खड्यांवरून आपली आपण वाट काढते. हे सांगून जमत नाही, दोन-चारदा घसरल्यावर जमतं. डांबरावर परतल्यावर आखडणं त्याने जाईलच असा शब्द मी देणार नाही. झोपेत दचकून उठत असाल, गाडी चालवतानाही तसं होत असेल, तर समुपदेशकाशी बोला, त्यात संकोच नको. आणि ग्रुपचं म्हणाल, तर "ताई घाबरली" म्हणणाऱ्यांपैकी दोघं खाजगीत विचारतील, आम्ही येऊ का. त्यांना न्या.

इटलीबद्दल दोन शब्द. तिथले पांढरे रस्तेही डांबराखाली जायच्या वाटेवर होते. ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये कियान्ती भागातल्या गायोले गावातून जुन्या सायकलींची 'एरोइका' ही फेरी सुरू झाली, आणि आज दोनशे किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीच्या त्या मार्गावर पाट्या आहेत, वर्षभर कुणीही जावं. परवडत असेल तर जरूर जा. पण तो पर्याय जुन्नरच्या विरुद्ध मांडू नका. पाट्या लावलेल्या रस्त्यावर तुम्ही पाहुण्या आहात हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आपल्याकडे ते तुम्हाला दर कोपऱ्यावर ठरवावं लागतं. म्हणजे काय, तर पाणंद सगळ्यांची असते, बांध मालकाचा असतो. बांधावरून सायकल घालायची नाही, घालावी लागली तर विचारून. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला महादेव कोळी घरांचा मोठा आधार हिरडा. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करून अंगणात, कधी रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात, लांबून काळे खडे सांडल्यासारखे दिसतात. ते खडे नव्हेत, कुणाचे तरी वर्षाचे पैसे आहेत. उतरा, बाजूने सायकल हातात घेऊन जा. एवढं केलंत की पाणी मागावं लागत नाही, समोरून येतं.

हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतरचा सगळ्यात चांगला: ओल गेलेली, भात कापलेलं, हवा थंड. फेब्रुवारी संपला की ऊन तापतं, वणवे लागतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी नाणेघाटात जाऊच नका, गाड्यांची रांग बघून तुम्हाला हायवे बरा वाटेल. साताऱ्याकडच्या मंडळींना कासपासून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग आहे, कोकणातल्यांना जांभ्याचे लाल रस्ते. त्यांवर पुन्हा कधीतरी.

राहिली एक लाख ऐंशी हजारांची सायकल. आत्ता घेऊ नका. ग्रॅव्हल बाईक उत्तम वस्तू आहे, पण ती कशासाठी हवी हे तुम्हाला अजून माहीत नाही. तुमच्या रोड सायकलला चाकाची कड दाबून धरणारे रिम ब्रेक असतील तर २८ मिलिमीटरपेक्षा जाड टायर बहुधा बसणार नाही, आणि तेवढ्यावर मुरूम म्हणजे दातखिळी. पण पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय की लेकाची गिअरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, पार्किंगमध्ये धूळ खात पडली आहे. तीच काढा. दोन इंची टायर, पुढे शॉकअप. जड आहे, असू दे. तुमची सीट आणि पेडल तिला लावा. टायरमध्ये हायवेसारखी ठणठणीत हवा भरू नका, तीस-पस्तीस पीएसआय पुरे. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जायला हवं. बाभळीच्या काट्यासाठी दोन जादा ट्यूब, पॅच आणि पंप. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, टायरच्या आतून बोट फिरवून बघा. हे मी तीनदा विसरलोय. अशा दहा खेपा करा. त्यानंतरही पाणंदीपर्यंत पोचायला डांबरावर ती जड सायकल रेटताना जीव जात असेल, तर ग्रॅव्हल बाईक घ्यायला कारण आहे. तेव्हा बघायचं काय? चाळीस मिलिमीटरच्या वरचं टायर बसतं का, डिस्क ब्रेक आहेत का, आणि सगळ्यात हलक्या गिअरला मागचे दाते पुढच्याइतके किंवा जास्त आहेत का. कार्बन वगैरे दुकानदाराला बोलू द्या.

तोवर लेकाला सांगा, ती सायकल वर आणून ठेव. मागच्या चाकात हवा नसणार, आणि साखळी नक्की गंजली असेल.